लॉरेन्स, त्याची ब्रफ आणि दुसरा गिअर

जुनी गाडी खडीच्या रस्त्यावर चालवली आहे कधी तुम्ही? सेल्फ स्टार्ट, डिस्क ब्रेकवाली नाही. खरोखरची जुनी, जिला सुरू करण्याआधी थोडं गोंजारावं लागतं अशी.

माझ्या मामाकडे येझदी आहे. किक मारायची आणि मग तीच दांडी वळवून पुढे पाडायची, की तिचाच गिअर होतो. नवीन माणूस पहिल्यांदा शोधतच बसतो गिअर कुठेय ते. गेल्या दिवाळीत मी ती गाडी गावातून वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेली. रस्ता म्हणजे काय, कधीतरी मुरूम टाकलेला, तो पावसात वाहून गेलेला आणि खाली नुसती सुटी खडी उरलेली. अशा रस्त्यावर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो हे मला पक्कं माहीत होतं. एक शेळी आडवी आली आणि मी नेमका तोच दाबला. वेग असेल वीसचा. कोपर सोललं, जीन्स गुडघ्यावर फाटली आणि डोकं रस्त्याकडेच्या दगडापासून हातभर अलीकडे येऊन थांबलं. हेल्मेट होतं हो! मामाच्या पडवीत, खुंटीला. वाडीपर्यंतच तर जायचं होतं.

त्या रात्री कोपराला हळद लावून मोबाइलवर जुन्या गाड्यांचे फोटो बघत बसले होते. स्क्रोल करता करता एका गाडीपाशी थांबले. लांबलचक टाकी, इंग्रजी व्हीसारखं दोन सिलिंडरचं इंजिन, जाडजूड नळकांडी. खाली मालकाचं नाव होतं टी. ई. लॉरेन्स. म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’वाला लॉरेन्स. तो कसा गेला हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं आणि मग वाचतच गेले.

तुमच्यापैकी बहुतेकांना हे नाव सिनेमामुळे माहीत असेल, किंवा आईबाबांनी सांगितल्यामुळे. डेव्हिड लीनचा 1962 चा सिनेमा, पीटर ओ’टूल, वाळवंट, उंट. आपला आय. एस. जोहरही त्यात आहे बरं का, कासिमच्या भूमिकेत. सिनेमा सुरूच होतो तो मोटरसायकलच्या अपघातानं. गाडी सुसाट, हिरो वाऱ्यावर खूश, आणि मग धाडकन. बघताना वाटतं, एवढ्या वेगात चालवली तर दुसरं काय होणार! ते तसं झालं नव्हतं. कसं झालं ते सांगते, पण आधी हा माणूस कोण होता ते बघू.

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म 16 ऑगस्ट 1888 चा, वेल्समधल्या ट्रेमाडॉगचा. वडिलांनी पहिली बायको आणि मुली आयर्लंडमध्ये सोडून दुसरा संसार थाटला होता, आडनावसुद्धा बदललं होतं. आईवडिलांचं लग्न झालेलंच नव्हतं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट केवढी लपवायची असेल, विचार करा. पाच भावांतला हा दुसरा. कुटुंब ऑक्सफर्डला स्थिरावलं, आणि तिथे या मुलाला दोन वेडं लागली. एक जुन्या किल्ल्यांचं, दुसरं दूरवर भटकण्याचं. 1908 च्या उन्हाळ्यात तो सायकलवरून फ्रान्समधले किल्ले बघत फिरला, साधारण चार हजार किलोमीटर. पुढच्या वर्षी सीरियात पायी. क्रुसेडच्या काळातल्या किल्ल्यांवर त्यानं प्रबंध लिहिला आणि त्यावर पहिला वर्ग मिळवला. आपल्याकडे सह्याद्रीत भटकणारी, खिशात वही आणि पायात फाटके बूट असलेली पोरं असतात ना, तसाच हा. उंची मात्र बेताची, जेमतेम साडेपाच फूट.

मग कार्केमिशला उत्खनन, तिथे अरबी भाषा, तिथल्या मजुरांशी दोस्ती. 1914 ला महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश सैन्याला असा माणूस हवाच होता. तुर्की साम्राज्याविरुद्ध उठलेल्या अरबांबरोबर तो लढला. जुलै 1917 मध्ये अकाबा बंदर घेतलं, ऑक्टोबर 1918 मध्ये दमास्कस. त्यातलं त्याचं श्रेय किती आणि अरबांचं किती, यावर आजही वाद घालतात. मला त्याच्यातली वेगळीच गोष्ट खटकते आणि तीच त्यालाही आयुष्यभर खटकली. युद्धानंतर स्वातंत्र्य मिळेल म्हणून अरब लढत होते आणि तिकडे ब्रिटन-फ्रान्सनं तो प्रदेश आपसात वाटून घ्यायचा गुप्त करार करून ठेवला होता. लॉरेन्सला हे युद्ध चालू असतानाच कळलं होतं. तरी तो वचनं देत राहिला.

लंडनमध्ये मात्र तो स्टार झाला. लोवेल थॉमस नावाच्या अमेरिकन पत्रकारानं त्याच्यावर फोटो-फिल्मचा एक शो बनवला आणि लोकांनी रांगा लावल्या. आज असता तर रील्सवर रील्स निघाली असती. यावर लॉरेन्सनं काय केलं? 1922 मध्ये कर्नलसाहेब खोटं नाव घेऊन हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाले! जॉन ह्यूम रॉस. पेपरवाल्यांना सुगावा लागला (आमची जमात तेव्हाही तशीच होती) आणि त्याला काढून टाकलं. मग तो शॉ हे नाव घेऊन रणगाडा दलात शिरला, डॉर्सेटमधल्या बोव्हिंग्टन छावणीत. जवळच क्लाउड्स हिल नावाचं छोटं, मोडकळीला आलेलं घर भाड्यानं घेतलं. ना वीज, ना धड स्वयंपाकघर. पुस्तकं आणि ग्रामोफोन मात्र होता. 1925 मध्ये हवाई दलानं त्याला परत घेतलं.

आणि याच वर्षांमध्ये गाडी आली.

नॉटिंगहॅमला जॉर्ज ब्रफ नावाचा माणूस मोटरसायकली बनवायचा, ब्रफ सुपीरिअर नावाच्या. त्यातलं एसएस 100 हे मॉडेल म्हणजे कमाल. ताशी शंभर मैल, म्हणजे एकशेसाठ किलोमीटर, वेग गाठेलच अशी लेखी हमी देऊन ती विकली जायची. इंजिन हजार सीसीच्या आसपासचं. किंमत सुमारे 170 पौंड, म्हणजे तिथल्या सामान्य कामगाराचा साधारण वर्षभराचा पगार. लॉरेन्सनं अशा एक-दोन नाही, सात ब्रफ घेतल्या, एकामागून एक, आणि आठवीची ऑर्डर दिलेली होती. लाडानं तो गाडीला बोअनर्जीस म्हणायचा. बायबलमधला शब्द आहे, अर्थ मेघगर्जनेचे पुत्र. शिवाय जॉर्ज पहिला, जॉर्ज दुसरा असे राजांसारखे नंबरही होते. बुलेटला धन्नो नाहीतर राणी म्हणणारे तुमच्या ग्रुपमध्येही असतीलच.

आता जरा त्या गाडीवर बसून बघा. गिअर पायात नाही, टाकीच्या बाजूला दांडी आहे. म्हणजे गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढायचा. हँडलवर आणखी एक छोटी दांडी, स्पार्क आधी पडायला हवा की उशिरा, ते ठरवणारी. चढावर इंजिन ठोकायला लागलं की ती मागे घ्यायची, सपाटीला पुन्हा पुढे. पुढच्या चाकाला स्प्रिंगचा फोर्क आहे, पण त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना मागे सस्पेन्शनच नसायचं. सीटखालच्या स्प्रिंगा आणि तुमचा मणका, एवढ्यावर सगळा भार. रुंदीला थोडे, वळणाला फार असे खेडेगावातले रस्ते, दोन्ही बाजूंना झाडांच्या उंच कुंपणाच्या भिंती. मधूनच गुरं, मधूनच घोडागाडी. यातून तो सुट्टीच्या दिवशी शेकडो किलोमीटर जायचा. मला वीसच्या वेगात शेळी झेपली नाही, म्हणून हे वाचताना फारच आदर वाटला.

सप्टेंबर 1926 मध्ये त्यानं जॉर्ज ब्रफला पत्र लिहून कळवलं की चार वर्षांत पाच ब्रफवर मिळून एक लाख मैल झाले. म्हणजे एक लाख साठ हजार किलोमीटर. आपल्या कुणाच्या अ‍ॅक्टिव्हाचं मीटर एवढं गेलंय का? तेही नोकरी सांभाळून.

त्यानं या राइड्सवर लिहिलंही आहे. हवाई दलातल्या दिवसांवर ‘द मिंट’ नावाचं त्याचं पुस्तक आहे, ते तो गेल्यावर वीस वर्षांनी, 1955 मध्ये छापलं गेलं. त्यातलं रस्त्यावरचं प्रकरण जरूर शोधून वाचा. क्रॅनवेलच्या तळावरून तो संध्याकाळी निघतो, डोक्यावर एक ब्रिस्टल फायटर विमान येतं, आणि लिंकनशरच्या रस्त्यावर या दोघांची चक्क शर्यत लागते. खाली मोटरसायकल, वर विमान. खड्ड्यांवरून गाडी उडतेय, तो टाकीला चिकटून बसलाय, आणि थोडा वेळ का होईना, विमान मागे पडतं. नंतर हाच गडी गावात जाऊन बराकीतल्या सोबत्यांसाठी खायचं सामान विकत घेतो आणि परततो. विमानाला हरवणं आणि दुकानातून सामान आणणं, दोन्ही एकाच फेरीत. मला तो इथे पहिल्यांदा आवडला. सिनेमात पांढऱ्या झग्यात असतो तेव्हा तो फार लांबचा वाटतो.

मधली दोन वर्षं गाडीविना गेली. 1927 च्या सुरुवातीला त्याची बदली कराचीला, ड्रिग रोडच्या डेपोत झाली. म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात, मुंबई इलाख्यातच की! तिथे तो छावणीबाहेर फारसा पडला नाही. कारकुनी केली, ‘द मिंट’ची पक्की प्रत लिहिली, होमरच्या ‘ओडिसी’चं भाषांतर सुरू केलं. मग वायव्य सरहद्दीवर मीरनशाहला. तेवढ्यात अफगाणिस्तानात बंड झालं आणि लंडनच्या पेपरांनी लिहून टाकलं, की हे या हेराचंच काम. तो बिचारा टायपिंग करत बसला होता. सरकारनं घाईघाईनं जानेवारी 1929 मध्ये त्याला मुंबईहून बोटीत बसवून परत धाडलं. इंग्लंडला पोचल्यावर पत्रकार टाळण्यासाठी बंदराबाहेरच छोट्या होडीत उतरवून घेतलं, तरी पेपरवाल्यांनी गाठलंच. इंटर्नशिपमध्ये आम्हाला फॉलोअपचं महत्त्व शिकवतात. बातमी मुळात खरी आहे का, हे कोणी बघायचं, असा प्रश्न मला इथे पडला.

पुढची सहा वर्षं तो खरं म्हणजे सुखात होता. समुद्रात पडलेल्या विमानांतल्या लोकांपर्यंत लवकर पोचता यावं म्हणून हवाई दलासाठी वेगवान बोटी तयार करण्याच्या कामात त्याला घेतलं होतं. इंजिनं खोलणं, चाचण्या घेणं, हात तेलानं काळे करणं. फेब्रुवारी 1935 च्या शेवटी नोकरीची मुदत संपली. तो ब्रिडलिंग्टनहून निघाला तो चक्क सायकलवर. क्लाउड्स हिलला येऊन राहिला. वय 46.

13 मे 1935, सोमवार. हेन्री विल्यमसन नावाच्या लेखक मित्राला भेटायला यायचं होतं, त्याला उद्या जेवायलाच ये अशी तार करायची होती. तारेसाठी बोव्हिंग्टन छावणीतल्या पोस्टात जायचं. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर. त्यानं सातवी ब्रफ काढली, पोस्टात गेला, तार केली आणि परत निघाला.

घर अगदी जवळ आलं होतं. रस्त्याला तिथे चढउतार आहेत, उताराच्या तळाशी गेलेलं काही पलीकडून दिसत नाही. पुढे दोन मुलं सायकलवर चालली होती. ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. त्यांना वाचवायला त्यानं गाडी वळवली, एका सायकलला धक्का लागलाच, आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मुलं वाचली. नंतरच्या चौकशीत एका सैनिकानं समोरून काळी मोटार गेल्याचं सांगितलं, मुलांनी मोटार पाहिली नव्हती. त्यावरून आजही लोक कटकारस्थानांच्या कथा रचतात. ज्युरीनं निकाल अपघाती मृत्यू असाच दिला.

त्या काळ्या मोटारीपेक्षा मला दुसरा एक तपशील जास्त छळतो. पडलेली गाडी उचलली तेव्हा ती दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली होती. त्या गिअरमध्ये ही गाडी ताशी अडतीस मैलांच्या, म्हणजे साठ किलोमीटरच्या वर जाऊच शकत नव्हती. विमानाशी शर्यत लावणारा, लाखो किलोमीटर चालवलेला हा माणूस आपल्या ओळखीच्या रस्त्यावर, घराजवळ, आपण रोज पौड रोडवर नाहीतर कॉलेज रोडवर जातो तेवढ्या वेगात पडला. डोक्यावर काही नव्हतं. सिनेमातला वेग वगैरे विसरा.

सहा दिवस तो बेशुद्ध होता. बोव्हिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात मोठमोठे डॉक्टर आले. 19 मे ला सकाळी तो गेला. 21 तारखेला मॉर्टन गावात दफन झालं तेव्हा विन्स्टन चर्चिल आले होते.

पेपरांनी ही गोष्ट इथेच संपवली. पण त्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे एक मेंदूचे सर्जन होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, वय चाळिशीच्या आत, अमेरिकेत हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली शिकून आलेले. या पेशंटसाठी त्यांना काहीच करता आलं नाही आणि ते त्यांच्या मनातून गेलं नाही. हातपाय धड, आणि माणूस डोक्यावरच्या मारानं जातो, हे टाळता येण्यासारखं आहे असं त्यांना वाटत राहिलं. पण डॉक्टर होते, नुसतं वाटून काय उपयोग? त्यांनी आकडे जमवायला सुरुवात केली.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर आकडे दुर्दैवानं भरपूर मिळाले. सैन्यात निरोप पोचवायला मोटरसायकलस्वार असत, डिस्पॅच रायडर. रात्री ब्लॅकआउट, दिवे झाकलेले, पोरं विशीतली. ऑक्टोबर 1941 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केर्न्स यांचा लेख आला. युद्धाआधीच्या 21 महिन्यांत ब्रिटनमध्ये 1884 मोटरसायकलस्वार रस्त्यावर मेले होते. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत 2279. पेट्रोल रेशनवर असताना! जे मेले त्यांच्यातल्या बहुतेकांचा घात डोक्यानंच केला होता. आणि हेल्मेट घालून डोक्याला मार लागलेले किती सापडले? फक्त सात. सातही जिवंत.

सात म्हणजे फार थोडे, हे आमच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या मॅडमही म्हणतील. केर्न्स यांनाही ते कळत असणारच. पण सैन्यानं वाट पाहिली नाही. नोव्हेंबर 1941 मध्ये ड्यूटीवरच्या प्रत्येक मोटरसायकलस्वार सैनिकाला हेल्मेट सक्तीचं झालं. केर्न्स थांबले नाहीत, मोजत राहिले. 1946 मध्ये पुढचा लेख आला, त्यात महिन्यामहिन्याच्या मृत्यूंचा आलेख होता, आणि नोव्हेंबर 1941 नंतर त्याची रेघ खाली उतरत गेलेली दिसते.

रेसिंगवाले हेल्मेट आधीपासून घालत होते, त्यामुळे केर्न्स यांनी काही नवीन वस्तू शोधली असं नाही. रोजच्या रस्त्यावर, पोस्टात जातानाही ते हवं, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं. तरीही ब्रिटनमध्ये सामान्य लोकांसाठी हेल्मेट सक्तीचं व्हायला 1973 उजाडलं. केर्न्स तोवर नव्हते, ते 1952 मध्येच कॅन्सरनं गेले. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 129 आलं 1988 मध्ये. ते आहे, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. त्याविरुद्ध आपण मोर्चे काढलेत, पगड्या घालून काढलेत, आणि मी लहान असताना आमच्या घरातलंही एक माणूस त्यात होतं. मान दुखते, केस जातात, ऐकू येत नाही, शहरात वेग असतो कुठे, हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर ऐकत मोठी झालेय. सगळ्यात जास्त वेळा काय ऐकलं, तर इथल्या इथेच जायचंय.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मामाला फोन करून लॉरेन्सच्या गाडीबद्दल सांगितलं. त्याला माणसात काही इंटरेस्ट नव्हता. त्यानं विचारलं, गाडीचं पुढे काय झालं?

तर गाडीला फार काही झालं नव्हतं. ती ब्रफच्या कारखान्यात परत गेली, दुरुस्त झाली आणि विकली गेली. तिचा नंबर होता जीडब्ल्यू 2275. ती आजही आहे, खासगी मालकीची, इंग्लंडमधल्या संग्रहालयांत अधूनमधून मांडली जाते. आठवी ब्रफ घ्यायला मात्र तो आला नाही.